धर्माच्या गाईचे दात

आपल्या मराठीत एक जुनी म्हण आहे : ‘धर्माची गाय आणि दात का गं नाय?’ फुकट मिळालेल्या वस्तूत खोड काढू नये, असा तिचा सरळ अर्थ. म्हणी लोकांच्या अनुभवातून जन्मतात हे खरे. पण एखादी म्हण कोणाच्या बाजूने बोलते, हेही कधीतरी पाहायला हवे. ही म्हण देणाऱ्याच्या बाजूने बोलते. घेणाऱ्याने तोंड मिटून दावे हातात धरावे आणि आशीर्वाद द्यावा, एवढेच ती सांगते. त्या गाईचे दात कोणाच्या गोठ्यात पडले, तिचे दूध कोणाच्या चुलीवर तापले, आणि दूध आटून वैरणीचा खर्च तेवढा उरल्यावर तिला दुसऱ्याच्या अंगणात नेऊन बांधण्याची दानबुद्धी नेमकी आजच कशी सुचली, हे प्रश्न ती म्हण विचारीत नाही. या लेखात ते विचारायचे आहेत.

निमित्त आहे मोडक्या मोटारगाड्यांच्या दानाचे.

एका पिढीपूर्वी घोरपडी, खडकी, येरवडा, वडगाव शेरी या भागांतील आपली बहुतेक कुटुंबे पायी किंवा सायकलवरून मिस्साबलिदानाला येत असत. पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवणाऱ्या त्या आईबापांच्या कष्टांना फळ आले. आज रविवारी देवळाच्या आवारात मोटारी लावायला जागा पुरत नाही. याचा आनंद कोणाला होणार नाही? पण गाडी आली की ती जुनी होणेही आले. कोणाची गाडी अपघातात चेपते. कोणाची, मुलगा परदेशी गेल्यापासून, इमारतीखाली धूळ खात उभी असते. कोणाची पुराच्या पाण्यात बुडते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने माणसांचे बळी घेतले आणि अरण्येश्वर, सहकारनगर परिसरात गाड्यांवर गाड्या चढवून ठेवल्या. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून सोडलेले पाणी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत शिरले, तेव्हाही कित्येक वाहने बुडाली. अशी गाडी दुरुस्त करायला जावे तर खर्च मोठा, विकायला जावे तर गिऱ्हाईक नाक मुरडते, तशीच ठेवावी तर सोसायटीची चिठ्ठी येते. मग कोणाला तरी आठवण होते : ‘आश्रमाला देऊन टाकू या की!’

वाचकहो, ‘देऊन टाकू’ या शब्दांकडे जरा लक्ष द्या. आपली भाषा फार प्रामाणिक आहे. बोलणाऱ्याच्या मनात ‘देणे’ किती आणि ‘टाकणे’ किती, हे ती त्याच्या नकळत सांगून जाते.

माझे म्हणणे प्रथमच स्पष्ट मांडतो. नादुरुस्त, कागदपत्रे अपुरी असलेली आणि मालकाला नकोशी झालेली गाडी, घेणाऱ्याची गरज न विचारता एखाद्या धर्मादाय संस्थेच्या दारात उभी करणे हे दान नव्हे. ती अडगळीची बदली आहे. तिला दानाचे नाव देणे म्हणजे गरिबाच्या खर्चाने आपण पुण्य जोडणे होय. हे विधान कठोर वाटेल. ते कठोर का असावे लागते, ते पाहू.

चार आण्यांची कोंबडी

‘सिस्टर, गाडी तशी उत्तम आहे, थोडेसे काम आहे,’ असे सांगितले जाते. हे ‘थोडेसे काम’ म्हणजे काय, याचा उलगडा गाडी आश्रमात आल्यावर होतो. मुळात ती चालत येत नाही, ओढून आणावी लागते. तो पहिला खर्च. मग मेकॅनिक येतो, बॉनेट उघडतो आणि मान हलवतो. बॅटरी गेलेली असते. वर्ष-दोन वर्षे एकाच जागी उभे राहून टायर तडकलेले असतात. ब्रेकच्या नळ्या गंजलेल्या, रबरी भाग कडक झालेले, टाकीतले पेट्रोल खराब झालेले. नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांत एकेक वस्तू शोधत फिरावे लागते. जी गाडी कंपनीनेच बनवणे बंद केले आहे, तिचा एखादा भाग नव्याने मिळत नाही. मग जुन्या बाजाराची वाट धरावी लागते.

पाण्यात बुडालेल्या गाडीची कथा याहून वाईट. हवेच्या वाटेने पाणी इंजिनात शिरते आणि तशा स्थितीत कोणी किल्ली फिरवली तर पिस्टनचे दांडे वाकतात. गाळ विजेच्या जोडांत जाऊन बसतो. गाडी धुऊन पुसून, अत्तर शिंपडून चकचकीत दिसते; पण गंज आपले काम गुपचूप करीत राहतो आणि काही महिन्यांनी भर रस्त्यात दिवे जातात, एअरबॅगचा भरवसा उरत नाही. विम्याच्या व्यवहारात, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल तर ती गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. ज्या गाडीपुढे विमा कंपनीचा सर्वेक्षक हात टेकतो, तिच्यावर चमत्कार करण्याची अपेक्षा आपण अनाथ मुलांच्या भाजीपाल्याच्या पैशांतून संसार चालवणाऱ्या धर्मभगिनीकडून करतो!

गाडी दुरुस्त झाली असे धरले, तरी पुढचे खर्च थांबत नाहीत. विमा सक्तीचा आहे. प्रदूषण तपासणीचा दाखला हवा. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर ती पाच-पाच वर्षांसाठी नव्याने करावी लागते. तिचे शुल्क वेगळे, पर्यावरण कर वेगळा. वर चालकाचा पगार आणि इंधन आहेच. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला! आणि हा मसाला कोणाच्या ताटातून काढला जातो? ज्याच्यासाठी कोंबडी आणली म्हणता, त्याच्याच.

माझ्या पाहण्यातील एका आश्रमात अशी एक गाडी चिंचेच्या झाडाखाली दोन पावसाळे उभी होती. उंदरांनी गाद्या कुरतडल्या, चेपलेल्या टपावर पाणी साचून डास झाले. आश्रमाच्या वडिलधाऱ्या सिस्टर भंगारवाल्याला बोलवायला धजेनात, कारण दाता दर नाताळला केक घेऊन येई आणि ‘आमची गाडी कशी आहे?’ असे प्रेमाने विचारी. दान दिल्यावरही ती ‘आमची गाडी’ राहिली होती, आणि ती सांभाळण्याचा भार मात्र आश्रमाचा झाला होता. ‘भीक नको पण कुत्रा आवर’ ही म्हण ओठांवर आली तरी गिळावी लागते. धर्मादाय संस्थांच्या मौनाचा अर्थ समाधान असा घेऊ नये.

कागद सुटत नाही

मोडकी गाडी देणारे बहुधा एक गोष्ट विसरतात. किल्ली दिल्याने मालकी जात नाही. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार गाडी दुसऱ्याच्या नावे झाल्यास देणाऱ्याने, राज्यातल्या राज्यात, चौदा दिवसांच्या आत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे असते. त्यासाठी २९ आणि ३० क्रमांकांचे नमुने ठरलेले आहेत. गाडीवर बँकेच्या कर्जाचा बोजा असेल तर तो आधी उतरवावा लागतो. विम्याच्या पत्रावर नव्या मालकाचे नाव चढवावे लागते. पुण्यात हे काम संगम पुलाजवळच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाचे. दाता ‘फॉर्मवर सह्या करून ठेवल्या आहेत, पुढचे तुम्ही पाहा’ म्हणतो, आणि ते ‘पुढचे’ कित्येकदा होतच नाही.

याचा परिणाम काय होतो? सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निर्वाळा दिला की, गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून गेली असली, तरी नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जाईल. ‘सुंठीवाचून खोकला गेला’ म्हणून जो निश्चिंत बसला, त्याच्या दारात उद्या न्यायालयाची नोटीस येऊ शकते. पण मला दात्यापेक्षा दुसऱ्याच माणसाची चिंता अधिक वाटते : त्या गाडीखाली सापडणाऱ्या वाटसरूची, आणि विमा नसलेल्या, ब्रेक न लागणाऱ्या गाडीतून मध्यरात्री ससूनच्या दिशेने नेल्या जाणाऱ्या, दम लागलेल्या आजीची. मोडक्या गाडीचे दान हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाही. तो जिवाचा प्रश्न आहे.

कराबद्दलही एक गैरसमज दूर करायला हवा. ‘गाडीची किंमत लाखभर लिहून पावती द्या,’ अशी मागणी क्वचित होते. आपल्या देशात धर्मादाय देणगीवरची आयकरातील सवलत पैशाच्या रूपातील देणगीलाच मिळते, वस्तूला नाही. तेव्हा अशा पावतीचा दात्याला उपयोग नाही. आणि तशी पावती लिहिणे म्हणजे सार्वजनिक न्यासाच्या तपासल्या जाणाऱ्या हिशेबात असत्य लिहिणे. अमेरिकेत वस्तुरूप दानालाही सवलत आहे आणि तेथे जुनी गाडी दान करण्याची मोठी प्रथा आहे. दाते गाडीचा फुगवलेला बाजारभाव दाखवून सवलत घेऊ लागले आणि संस्थांच्या हाती मात्र किरकोळ रक्कम पडू लागली. तेव्हा तेथील सरकारने २००४ मध्ये कायदा बदलला. संस्थेने गाडी विकली तर विक्रीतून प्रत्यक्ष जेवढे पैसे आले, साधारणपणे तेवढीच सवलत, असा नियम २००५ पासून आला. दानाचे मोजमाप देणाऱ्याच्या कल्पनेने होत नाही, घेणाऱ्याच्या हाती काय पडले त्याने होते, हे धनवान देशाच्या करखात्यालाही मान्य करावे लागले. ते ख्रिस्ताच्या अनुयायांना समजायला काय अडचण आहे?

वेदीवरचे लंगडे जनावर

पवित्र शास्त्रात हा विषय नवा नाही. मोशेच्या नियमशास्त्रात आंधळे, लंगडे, जखमी जनावर परमेश्वराला अर्पू नये, असे स्पष्ट बंधन आहे. परमेश्वराला मांसाची निवड करायची होती म्हणून ते बंधन नव्हते. माणूस नको असलेली वस्तू देवाच्या नावावर खपवतो, ही त्याची खोड परमेश्वराला ठाऊक होती. पुढे मलाखी संदेष्ट्याच्या काळी याजकच तसली जनावरे वेदीवर आणू लागले, तेव्हा संदेष्ट्याने त्यांना एक झणझणीत प्रश्न केला : हेच जनावर आपल्या सुभेदाराला नेऊन द्या पाहू, तो प्रसन्न होईल का?

हा प्रश्न आजही तितकाच उपयोगी आहे. जी गाडी तुम्ही आश्रमाला देऊ पाहता, ती आपल्या जावयाला द्याल का? तिच्यात नातवंडांना बसवून पावसाच्या रात्री दिवे घाट उतराल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर जी आपल्या मुलांसाठी धोक्याची ती देवाच्या मुलांसाठी सुरक्षित कशी झाली?

दावीद राजाचे उदाहरण याच्या अगदी उलट. त्याला वेदी बांधण्यासाठी अरवना यबूसी याचे खळे हवे होते. अरवना ते बैलांसह फुकट द्यायला तयार होता. दावीदने ते नाकारले. ज्यासाठी आपल्याला काहीच मोजावे लागले नाही, ते देवाला अर्पण करायला त्याचे मन धजेना. त्याने पन्नास शेकेल चांदी मोजली आणि मगच वेदी बांधली. मोडकी गाडी देणाऱ्याची स्थिती तर फुकट देणाऱ्याच्याही पलीकडची आहे; गाडी गेल्याने त्याचा खर्च वाचतो, जागा मोकळी होते, वर आभारपत्र मिळते. ज्या दानात देणारा फायद्यात आणि घेणारा तोट्यात, त्याला शास्त्राच्या कोणत्या पानावर जागा मिळेल?

आणि हे केवळ आपल्याच शास्त्राचे म्हणणे आहे असे नाही. ज्या भूमीत आपण जन्मलो, तिच्या परंपरेतही हा प्रश्न एका मुलाने विचारलेला आहे. कठोपनिषदातील नचिकेताची कथा आपल्यापैकी अनेकांनी शाळेत ऐकली असेल. त्याच्या पित्याने सर्वस्वदानाचा यज्ञ मांडला आणि ब्राह्मणांना गाई देऊ केल्या. पण त्या होत्या थकलेल्या, आटलेल्या, पुन्हा न विणाऱ्या. बालकाच्या मनात श्रद्धा जागी झाली आणि असले दान देणाऱ्याची गती काय होईल, या विचाराने तो अस्वस्थ झाला. त्याने बापाला विचारले, मला कोणाला देणार? म्हणजे धर्माच्या गाईचे दात मोजण्याची परंपरा आपल्या देशात फार प्राचीन आहे. आणि ते मोजणारा देणाऱ्याच्याच घरातला, निर्मळ मनाचा मुलगा होता. आज आपल्या घरातली मुले गाडी ओढून नेली जाताना पाहतात आणि ‘बाबांनी दान केले’ असे ऐकतात. दान म्हणजे काय, याचा जो पाठ ती त्या दिवशी शिकतात, तो रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात पुसता येत नाही.

मुंबईची ती पांढरी गाडी

दान केलेल्या मोटारीचे एक थोर उदाहरण आपल्याच राज्यात घडले आहे. १९६४ साली मुंबईला अडतिसावी आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली आणि तिच्यासाठी पोप सहावे पॉल २ डिसेंबरला भारतात आले. भारतभूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. त्यांच्या प्रवासासाठी अमेरिकेतून भेट आलेली पांढरी लिंकन मोटार होती. परत जाताना त्यांनी ती मदर तेरेसांना दिली. मदर त्या गाडीत मिरवल्या नाहीत. त्यांनी तिची सोडत काढली आणि त्यातून जमलेली मोठी रक्कम आसनसोलजवळच्या शांतिनगर या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीच्या कामी लावली. देणारे आणि घेणारी, दोघेही आज ख्रिस्तसभेच्या संतमालिकेत आहेत.

या प्रसंगातील दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली, गाडी धडधाकट होती. म्हणूनच तिच्या सोडतीचे तिकीट घ्यायला लोक पुढे आले. चेपलेल्या गाडीची सोडत काढली असती तर शांतिनगरात एक कौलही चढले नसते. दुसरी, गाडीचे काय करावे याचे पूर्ण स्वातंत्र्य घेणारीला होते. ‘माझी गाडी विकली का?’ असे कोणी मदरना विचारले नाही. दानावर दात्याची सावली राहिली नाही. सव्वादोन वर्षांनी, मार्च १९६७ मध्ये, त्याच पोपनी ‘पोपुलोरुम प्रोग्रेसिओ’ हे विश्वपत्र लिहिले. त्यात त्यांनी आपल्या भारतभेटीचे स्मरण केले आणि संत अँब्रोजच्या शिकवणीचा आधार घेतला. त्या शिकवणीचे सार असे की, श्रीमंत गरिबाला जे देतो ते स्वतःचे देत नाही; सर्वांसाठी असलेल्या वस्तूंपैकी त्याच्या वाट्याचे त्याला परत करतो. ही शिकवण खरी मानली तर मोडक्या गाडीचा अर्थ फार विदारक होतो : दुसऱ्याचे घेतलेले आपण मोडून परत करीत आहोत आणि वर आभाराची अपेक्षा धरीत आहोत.

वस्तू जुनी असणे हा दोष नव्हे, हेही येथेच सांगितले पाहिजे. पोप फ्रान्सिस यांना २०१७ मध्ये भेट मिळालेली नवी कोरी लॅम्बोर्गिनी पुढच्या वर्षी लिलावात विकली गेली आणि तिची रक्कम इराकमधील निनवे मैदानातील उद्ध्वस्त ख्रिस्ती वस्तीची पुनर्बांधणी आणि तशाच इतर कामांसाठी देण्यात आली. ती गाडी नवी होती. पण त्याच पोपनी २०१४ च्या बेथलेहेमभेटीत वापरलेली गाडी जुनी होती. ती गाझातील मुलांसाठी फिरता दवाखाना व्हावी अशी त्यांनी आपल्या अखेरच्या दिवसांत इच्छा व्यक्त केली. त्यांच्या निधनानंतर, मे २०२५ मध्ये, ही वार्ता जगाला कळली. ती गाडी जशी होती तशी कोणाच्या दारात लोटून दिली गेली नाही. मुलांना नेमके काय लागेल याचा विचार करून, तपासणीची आणि उपचारांची साधने तिच्यात बसवण्याचे काम कारितास संस्थेने हाती घेतले. जुन्या गाडीचे दान कसे करावे, याचा हा वस्तुपाठ आहे : आधी गरज, मग दुरुस्ती, मग दान.

आक्षेपांना उत्तर

या विचाराला तीन आक्षेप घेतले जातात.

पहिला : ‘काहीच न देण्यापेक्षा हे बरे नाही का?’ नाही. रिकामा हात घेणाऱ्याचे काही बिघडवत नाही; मोडकी गाडी बिघडवते. ती जागा अडवते, पैसा खाते, सिस्टरांचे दिवस कार्यालयांच्या रांगांत घालवते. शून्याहून कमी असलेली संख्या शून्याहून बरी, असे गणितात कोणी म्हणत नाही; धर्मात का म्हणावे?

दुसरा : ‘त्या गरीब विधवेच्या दोन दमड्याही प्रभूने गोड मानल्या. मग आमच्या जुन्या गाडीलाच दोष का?’ हा आक्षेप घेणाऱ्यांनी ते शुभवर्तमान पुन्हा एकदा सावकाश वाचावे. विधवेची नाणी लहान होती, खोटी नव्हती. ती बाजारात चालत होती. आणि ती तिच्या उपजीविकेतून आली होती; घरातली अडचण दूर व्हावी म्हणून नव्हे. त्या दिवशी भांडारात आपल्या विपुलतेतून टाकणारे पुष्कळ होते. प्रभूने त्यांच्याकडे बोट दाखवले ते आदर्श म्हणून नव्हे. आपली मोडकी गाडी विधवेच्या बाजूला उभी करण्यापूर्वी, ती खरी कोणाच्या रांगेत उभी आहे हे पाहावे.

तिसरा आक्षेप संस्थांकडूनच येतो : ‘नाही म्हटले तर दाता दुखावेल, पुढची मदत थांबेल.’ ही भीती समजण्यासारखी आहे, पण तिच्यापुढे मान तुकवणे योग्य नाही. संस्थाचालक गरिबांच्या वतीने हात पुढे करतो. हात गरिबाचा आहे, म्हणून त्यात काय ठेवले जाते हे पाहण्याचा त्याला अधिकार आहे, नव्हे ते त्याचे कर्तव्य आहे. वार्षिक सणाच्या दिवशी गाडीला हार घालून, किल्लीची मोठी प्रतिकृती हाती देऊन छायाचित्र काढण्याची हौस काही ठिकाणी दिसते. त्या छायाचित्रात गाडीचे बॉनेट नेहमी बंद असते! दात्याला नम्रपणे नकार देणे हेही त्याच्या आत्म्याचे भलेच करणे आहे. ज्याला कधीच कोणी ‘हे देऊ नका’ म्हटले नाही, त्याला देणे म्हणजे काय हे कळणार कधी?

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण दर वर्षी ऐकतो. त्याने जखमी माणसाला स्वतःच्या जनावरावर बसवले. ते जनावर चालते होते म्हणूनच तो माणूस उतारशाळेपर्यंत पोहोचला. मग त्याने दोन नाणी दिली. आणि याहून अधिक खर्च झाला तर परत येताना फेडीन, असा शब्द दिला. आपले लक्ष नेहमी तेल, द्राक्षारस आणि पट्ट्यांकडे जाते. या शेवटच्या शब्दाकडे जात नाही. मदतीचा मागाहून येणारा खर्च त्याने उतारशाळेच्या मालकावर ढकलला नाही. दान आणि अडगळीची बदली यांतला भेद ओळखण्याची हीच खूण आहे : मागाहून येणारा खर्च कोण सोसतो?

मग करावे काय?

टीका करून थांबणे सोपे असते, म्हणून करण्याजोगे चार मार्ग सांगतो.

पहिला आणि सर्वांत सरळ मार्ग : गाडी स्वतः विका आणि पैसे दान करा. घासाघीस तुम्ही करा, कागदपत्रे तुम्ही पुरी करा, हातात आलेली रक्कम संस्थेला द्या. संत व्हिन्सेंट डी पॉल संघाच्या बंधुभगिनींना विचारा. एखाद्या मुलाची शाळेची फी, एखाद्या म्हाताऱ्याची महिन्याची औषधे, एखाद्या घराचे थकलेले भाडे, अशी त्यांची यादी कधी संपत नाही. त्या यादीत ‘मोडकी मोटार’ कोणी लिहिलेली नसते.

दुसरा : गाडी दुरुस्त होण्यापलीकडे गेली असेल तर ती रीतसर मोडीत काढा. कायमची निकामी झालेल्या गाडीची माहिती चौदा दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला देणे हे मालकाचे कर्तव्यच आहे. २०२१ च्या नियमांनुसार आता नोंदणीकृत वाहन मोडणी केंद्रे निघाली आहेत. तेथे गाडी दिली की लोखंडाच्या भावाने पैसे मिळतात आणि ठेव प्रमाणपत्रही मिळते. त्याच्या आधारे नव्या गाडीच्या करात सवलत मिळू शकते. हा लाभ तुमचा. त्यातला वाटा गरिबाला द्या. भंगाराचे आलेले थोडे पैसे प्रामाणिकपणे दिलेत तर ते त्या विधवेच्या नाण्यांच्या शेजारी शोभतील.

तिसरा : संस्थेला खरोखर गाडीची गरज असेल आणि तुमची गाडी खरोखर दुरुस्त होण्याजोगी असेल, तर आधी ती दुरुस्त करा. चांगल्या मेकॅनिककडून तपासून घ्या, नाव बदलून द्या, विमा भरा आणि निदान एका वर्षाचा देखभालीचा खर्च सोबत द्या. अशी गाडी जुनी असली तरी तिला हार घालायला मी स्वतः येईन.

चौथा मार्ग सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित : आधी विचारा. ‘आमच्याकडे गाडी आहे, घ्याल का?’ हा प्रश्न नव्हे. ‘तुम्हाला काय हवे आहे?’ हा प्रश्न. पहिल्या प्रश्नात आपली गाडी केंद्रस्थानी असते. दुसऱ्यात समोरचा माणूस. उत्तर येईल : भांडी, चादरी, फिजिओथेरपीचे यंत्र, रात्रपाळीच्या परिचारिकेचा पगार. कदाचित उत्तर येईल : रविवारी दुपारी दोन तास येऊन आमच्या आजोबांशी गप्पा मारा. त्यात गाडी लागणारच असेल, तर ती तुमची चालती गाडी लागेल, तुम्ही स्वतः चालवलेली.

हे सारे मी मोटारीबद्दल लिहिले. पण वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की प्रश्न मोटारीपुरता नाही. प्रायश्चित्तकाळात देवळाच्या दाराशी ठेवलेल्या पेटीत काय काय येते, ते उघडणाऱ्यांना विचारा. चेन तुटलेले स्वेटर, एकाच पायाचा बूट, मुदत उलटलेली औषधे, पाने फाटलेली पाठ्यपुस्तके. मोटार ही त्या पेटीतली सर्वांत मोठी वस्तू, एवढाच फरक. आपल्याला टाकवत नाही आणि ठेववत नाही, अशा प्रत्येक वस्तूचा शेवटचा मुक्काम गरिबाचे घर, असे आपण मनाशी ठरवून टाकले आहे. गरीब माणूस म्हणजे समाजाचा उकिरडा नव्हे. जो अंतिम न्यायाच्या दिवशी ‘ते तुम्ही माझ्यासाठी केले’ असे म्हणणार आहे, तो त्या घरात राहतो.

तेव्हा धर्माची गाय द्यायची असेल तर, बंधूंनो आणि भगिनींनो, तिचे दात घेणाऱ्याने मोजायची वेळ येऊ देऊ नका. ते आधी आपण मोजावेत. आणि एखादा दात पडलेला आढळला, तर गाय आपल्याच गोठ्यात ठेवावी, तिला शेवटपर्यंत चारा घालावा, आणि शेजाऱ्याला द्यायचेच असेल तर दूध द्यावे.